चौथी कावीळ

आमच्या कुरुंद्यात हळदीच्या दिवसांत माणूस चालीवरून ओळखावा लागतो. रंगावरून सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या पिपात, आमच्याकडच्या ढोलात, घालून गरगरा फिरवली की तिची साल निघते, चकाकी येते, आणि जो भुगा उडतो तो जात-पात न बघता सगळ्यांवर सारखाच बसतो. माणसांवर, बकऱ्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर आणि आमच्या आकांक्षावर.

आकांक्षा तेव्हा आठ महिन्यांची होती. मी बी.ए. झालेली, बाळाच्या संगोपनाचं पुस्तक दोनदा वाचलेली. पुस्तकात कावीळ या विषयाला चार पानं होती आणि ती चारही मला पाठ होती. त्यामुळे २००३ सालच्या त्या हंगामात मी दीड महिन्यात तीन वेळा लेकरू काखोटीला मारून वसमतच्या डॉक्टरांकडे पळाले.

पहिल्या खेपेला तिचं कपाळ पिवळं होतं. डॉक्टरांनी कापसाचा बोळा ओला केला, कपाळावरून फिरवला आणि मला दाखवला. बोळा पिवळा, कपाळ गोरं. "ताई, कावीळ पुसून निघाली," ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला टाचा पिवळ्या होत्या. तिसऱ्या खेपेला जीभ. आता जिभेला हळद कशी लागेल, तुम्हीच सांगा! पण तिनं माझ्या सासऱ्यांचा, जळबामामांचा, अंगठा अर्धा तास चोखला होता, हे मला दवाखान्यात बसल्यावर आठवलं.

माझे यजमान रविंद्र वसमत आगारात कंडक्टर. तिकिटांची सवय म्हणून की काय, त्यांनी काविळींना नंबर दिले. "पहिली कावीळ झाली तेव्हा मी परभणीच्या गाडीवर होतो, दुसऱ्या काविळीला सुट्टी होती..." गावातल्या बायाही विचारू लागल्या, "काय दीक्षाबाई, चौथी कधी?" जणू मी बाळंतपणं मोजून राहिले होते.

मी हसायचे. पण आतून मला एकच भीती होती. आपलं असं हसं होत राहिलं आणि एक दिवस लेकराला खरंच काही झालं, तर माझं ऐकणार कोण?

म्हणून आत्यांचे डोळे पिवळे दिसले तेव्हा मी दोन दिवस तोंड उघडलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, कमलबाई. पंचावन्न वर्षांची बाई, पण हळदीचं पोतं अजून एकटीनं सरकवायच्या. दिवाळीपासून त्यांना भजी खाल्ली की उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून खांद्यात जायची. त्या तिला गॅस म्हणायच्या. ओवा चावायच्या, सोडा प्यायच्या, आणि कळ थांबली की उरलेली भजी संपवायच्या. मार्चच्या शेवटी मात्र कळ थांबेना. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. अंग सारखं खाजवत होत्या. "भुगा खाजवायलाय," म्हणाल्या.

माझी नजर लेकराचं लंगोट रोज उजेडात धरून तयार झालेली. मी मन घट्ट करून विचारलं, "आत्या, रागवू नका. परसाकडचा रंग कसाय?"

आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "बया! पस्तीस वर्षांत माझ्या नवऱ्यानं न्हाई इचारलं ते!"

"पांढरट आहे का? आणि लघवी चहासारखी?"

"दीक्षे, कोणाच्या जल्मात मी तिकडं वळून बघितलं न्हाई. जा, चहा टाक. आन् आता मला त्यो बी जाणार न्हाई."

रात्री मी रविंद्रला सांगितलं. ते शर्टाच्या बटणांवरून नजर न उचलता म्हणाले, "चौथी?"

"अहो, डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलंय. डोळ्याच्या आत हळद कशी जाईल?"

"जिभेवर गेली होती तशी."

मी दिवा मालवला.

उपाय सुचला तो चौदा एप्रिलमुळे. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून चालतात, आणि सगळ्यांच्या पुढं, निळा झेंडा धरून, आत्या. बावीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. नवी पांढरी साडी ट्रंकेत घडी करून ठेवलेली होती. मी म्हटलं, "आत्या, एवढ्या पांढऱ्या साडीला हळद लागली तर? आज रविवार आहे, मी चांगलं घासून देते, मग एकदा नेसून बघा."

हे त्यांना पटलं. मी शेजारच्या भिकाबाईंना साक्षीला बोलावलं. न्हाणीला लुगड्याचा आडोसा केला, आणि कपड्याचा साबण घेतला. हळदीला साबण लागला की लाल होणार, हे कुरुंद्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. म्हणजे फेस लाल असेतो अंगावर हळद. फेस पांढरा झाला आणि कातडी तरी पिवळीच राहिली, तर ती हळद नव्हे.

आडोशाबाहेर जळबामामा बाजेवर बसले होते. क्रिकेटचा वर्ल्डकप नुकताच संपलेला, त्यांना स्कोअर विचारायची सवय लागली होती.

"फेस कसाय?" ते ओरडले.

"लाल!" भिकाबाई ओरडल्या.

पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला.

"आता?"

"गुलाबी!"

"अय, कातडं काढतीस का माझं?" आत्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा साबण लावला. फेस दुधासारखा पांढरा. मी शेवटचा तांब्या ओतला. आत्यांची पाठ, मान, गळा, सगळं हळकुंडासारखं पिवळं.

"काय झालं? स्कोअर सांगा की!"

भिकाबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. "जळबाभाऊ," त्या म्हणाल्या, "फेस पांढरा हाय. कमळी पिवळी हाय."

बाहेर बाज करकरली.

पांढरी साडी नेसून आत्या अंगणात आल्या तेव्हा त्यांना बघून आकांक्षासुद्धा रडली. मला वाटलं, आता गाडी मागवतील. पण काविळीला डॉक्टरकडे औषधच नसतं, हे आमच्याकडे साबणापेक्षाही पक्कं ठाऊक. मामा म्हणाले, "सिद्धेश्वरच्या लखमाला बोलवा."

लखमा धरणात मासे धरायचा आणि मंगळवारी कावीळ उतरवायचा. रुग्णाच्या हातांना तो कसलीशी पांढरी लापशी चोळायचा, काशाच्या परातीत हात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं आणि तो म्हणायचा, "उतरली!" पाणी पिवळं कसं व्हायचं, ते त्याचं त्यालाच माहीत. मी विनवून बघितलं, रडूनही बघितलं. मामा म्हणाले, "बाई, तुझं बराबर निघालं ना? कावीळ हाय म्हणालीस, हाय. आता उतरवू तर दे." मंगळवारपर्यंत आत्यांना रोज संध्याकाळी ताप चढला. परसाकडंही आता मीच धरून न्यायचे, त्यामुळे दोन्ही रंग मला दिसले: लघवी चहासारखी, दुसरं पांढरट. मी आकांक्षाला झोपवायचे आणि पदरानं तोंड दाबून आत्यांचा श्वास मोजायचे.

मंगळवारी लखमा आला. आत्यांनी पडल्या पडल्या अट घातली, "मंतर-बिंतर म्हणशील तर उठून जाईन. आमच्या घरात त्ये चालत न्हाई."

"मंतर न्हाई माय, झाडपाल्याचं औषध हाय," लखमा म्हणाला आणि बसला.

"मंग ओठ काहून हालवायलास?"

"दात दुखून राहिला, माय."

त्यानं लापशी काढली. कुटलेला पाला कालवलेला होता, पण वास आला आणि मी ओळखलं. चुना. मामांच्या तंबाखूच्या डबीतला असतो तोच. तेवढ्यात आत्यांना हुडहुडी भरली, हात थरथर उडायला लागले. लखमा म्हणाला, "मालक, हात धरा घट्ट."

मामा सकाळपासून ढोल फिरवून तसेच आलेले. कोपरापर्यंत हळद. त्यांनी दोन्ही पंजांनी आत्यांची मनगटं धरली. लखमानं चार हातांवर लापशी चोळली, वरून पाणी ओतलं.

परातीत लालभडक.

भिकाबाई किंचाळल्या. मामांनी हात सोडला नाही, पण डोळे मिटले. "रक्त!" ते म्हणाले. "लखमा, रक्त आलं रं!"

हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं. पण ते औषध चुना आहे, हे दोघांनाच माहीत होतं. लखमाची नजर मामांच्या पंजांवर गेली, तिथून माझ्यावर आली. मी त्याच्याकडे बघून राहिले. 'हळदीमुळं झालं' म्हणावं तर 'हा चुना आहे' हे कबूल करायला लागणार. त्याच्या कपाळाला घाम फुटला.

या वेळी मी मुद्दाम, पक्कं माहीत असून, गप्प बसले.

"मालक," लखमा परात सरकवत म्हणाला, "आजपोस्तर पिवळं उतरवलं, हिरवं उतरवलं. लाल माझ्या हातचं न्हाई. मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता."

दहा मिनिटांत हिरासिंगची काळीपिवळी जीप दारात उभी. हिरासिंगनं आधी सीटवर पोतं अंथरलं, "हल्दी लगेगी, भाभी." मग आत्यांचं तोंड बघितलं आणि पोतं काढून टाकलं.

वसमतच्या दवाखान्यात मला दारात बघूनच कंपाउंडर किसनसिंग हसला आणि आत ओरडला, "साहेब, कुरुंदा आलं! कापूस भिजवू?"

"बाळाला नाही," मी म्हटलं. "आत्यांना."

डॉक्टर हसतच आले. सवयीनं ओला बोळा आत्यांच्या कपाळावरून फिरवला आणि मला दाखवायला वर धरला. बोळा पांढरा. त्यांनी दुसरा बोळा घेतला. पांढरा. त्यांनी आत्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबली. आत्या अशा ओरडल्या की बाहेर आकांक्षा जागी झाली.

डॉक्टर आता हसत नव्हते. "ताप? हुडहुडी? खाज? लघवी गडद?"

"चहासारखी," मी म्हटलं. "आणि..."

"आता दुसरं सांगू नको!" आत्या विव्हळत म्हणाल्या. "सगळ्या तालुक्यात करशील माझा रंग!"

"सांगू द्या मावशी. तेच महत्त्वाचं आहे," डॉक्टर म्हणाले. मी सांगितलं. आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सोनोग्राफी झाली. पित्ताची पिशवी खड्यांनी गच्च होती आणि त्यातला एक खडा निसटून पित्ताच्या नळीत बूच होऊन बसला होता. पित्त आतड्यात जायची वाट बंद, म्हणून ते रक्तात चढलं आणि आत पू धरू लागला. "ही कावीळ उतरवून उतरत नसते," डॉक्टर मामांना म्हणाले. "बूच काढावं लागतं. अजून चार दिवस घरी ठेवलं असतं तर मी काही करू शकलो नसतो."

मामा खुर्चीत बसले. खुर्चीला हळद लागली.

"खडे?" आत्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं तांदूळ निवडायले. ताटात एक खडा कधी येऊ दिला न्हाई. अन् माझ्याच पोटात?"

तोंडातून दुर्बीण घालून खडा काढायची सोय तेव्हा औरंगाबाद-हैदराबादला होती. तेवढा प्रवास त्यांना झेपला नसता. आधी ताप उतरवायचा, सलाईनमधून औषधं, काविळीत रक्त लवकर गोठत नाही म्हणून त्याची इंजेक्शनं, आणि पुढच्या बुधवारी नांदेडचे सर्जन येतील तेव्हा ऑपरेशन. असं ठरलं. आत्यांनी बोटं मोजली. बुधवार म्हणजे नऊ तारीख.

"म्हणजे चौदाला मी मिरवणुकीत."

"चौदाला तुम्ही याच खाटेवर," डॉक्टर म्हणाले.

"मग मी अंगठा देत न्हाई. सहीबी देत न्हाई, अन् मला सही येती."

रविंद्र गाडी आगारात लागताच तसेच खांद्याला तिकिटाची पेटी अडकवून आले होते. ते आईच्या पायाशी बसले. पेटी खाली ठेवली. मग म्हणाले, "माय, दीक्षानं मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. मी तिची चेष्टा केली. तुला काही झालं असतं तर मी कोणत्या तोंडानं मिरवणुकीत आलो असतो?"

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पेन आण," म्हणाल्या.

बुधवारपर्यंतचे दिवस सोपे नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा आणायचा आणि 'एक खा, काही होत नाही' म्हणायचा. मी आकांक्षाला एका काखेत घेऊन दुसऱ्या हातानं पुडे जप्त करायचे. मंगळवारी संध्याकाळी भिकाबाई पदराखाली भज्यांची पुरचुंडी घेऊन आल्या. किसनसिंगनं वासावरून पकडलं. "साहेब," तो ओरडला, "पुरावा आला!"

ऑपरेशनला अडीच तास लागले. मी त्या वऱ्हांड्यातल्या सगळ्या फरशा मोजल्या, आकांक्षाचं कपाळ चौदा वेळा हात लावून बघितलं. मामा नळाखाली हात धूत होते. पुन्हा पुन्हा. लाल पाणी जाईना.

"बाई," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी परातीत... ते माझ्याच हाताचं होतं ना?"

मी मान डोलावली.

"तुला तवाच कळलं होतं?"

"व्हय, मामा."

त्यांनी नळ बंद केला. "बरं केलंस, बोलली न्हाईस ते," म्हणाले आणि हात धोतराला पुसले.

डॉक्टर बाहेर आले ते हातात काचेची बाटली घेऊन. पिशवी काढली होती, नळी उघडून बूच काढलं होतं. बाटलीत तेवीस खडे, आणि नळीतला तो सगळ्यात मोठा, चिंचोक्याएवढा, पिवळट तपकिरी. मामांनी बाटली उजेडात धरली. पन्नास वर्षं हळदीत काढलेल्या माणसाची नजर. "माल बरा हाय," ते म्हणाले, आणि रडायला लागले.

आत्यांच्या पोटातून इंग्रजी टीच्या आकाराची रबरी नळी काढून एका पिशवीला जोडलेली होती. आतल्या पित्ताच्या नळीची सूज उतरेपर्यंत पित्त त्यातून बाहेर येणार आणि दहा-बारा दिवसांनी फोटो काढून ही रबरी नळी ओढून काढणार, असं डॉक्टर म्हणाले. पिशवीत हिरवट पिवळं पाणी साचायचं. आत्या शुद्धीवर आल्यावर त्याकडे बघून म्हणाल्या, "बघा. मी इथं बी हळदच शिजवून राहिले."

रोज पिवळेपणा थोडा थोडा उतरत गेला. आधी गाल, मग गळा. डोळे सगळ्यात शेवटी.

चौदा तारखेला वसमतची मिरवणूक दवाखान्यावरून जाणार होती, आणि त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बाया कुरुंदा सोडून तिथंच आल्या. भिकाबाईंनी ठरवलं होतं. सकाळी मी आत्यांना पांढरी साडी नेसवली, नळीला जोडलेली पिशवी पदराखाली घेतली, आणि रविंद्रनं न् मी धरून त्यांना खिडकीत उभं केलं. खालून झेंडे गेले, बँड गेला, आणि बाया खिडकीखाली थांबल्या.

"जय भीम, कमळे!" भिकाबाई ओरडल्या. "फेस कसाय?"

"पांढरा!" आत्या वरून ओरडल्या आणि टाके दुखले म्हणून मटकन बसल्या. मग त्यांनी खड्यांची बाटली खिडकीबाहेर धरून खुळखुळ वाजवली. खाली टाळ्या पडल्या.

एवढ्यात मामा आले. हंगाम संपत आला होता, शेवटचा ढोल फिरवून तसेच आलेले. त्यांनी आकांक्षाला उचललं, नाचवलं, मुके घेतले आणि आत्यांच्या मांडीवर ठेवलं.

आत्यांनी लेकराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"दीक्षे! पोरीचं कपाळ पिवळं दिसतंय."

"हळद आहे, आत्या. मामांनी आत्ताच..."

"तुला काय कळतंय? डॉक्टरला बोलव!"

"आत्या, मुके घेतले त्यांनी, मिशांची लागली."

"मी बी हळदच म्हणत होते. बोलव म्हणते ना!"

किसनसिंग बोळा भिजवून आला. कपाळावरून फिरवला, वर धरला. बोळा पिवळाधमक, कपाळ गोरं. तो माझ्याकडे बघून हसायला लागला, मग आत्यांकडे बघून थांबला. रविंद्र दारात उभे होते. त्यांनी नंबर सांगायला तोंड उघडलं.

"मोजू नको," आत्या म्हणाल्या. "मोजत बसला म्हणून चौथी राहून जात होती."

त्यांनी किसनसिंगच्या हातातून बोळा घेतला, डोळ्याजवळ धरून नीट बघितला, उलटून बघितला आणि खिडकीत ठेवला. मग मला म्हणाल्या,

"आन् जीभ? जीभ बघितलीस का तिची?"